आठव्या पायरीवरचा अंगठा

मित्रांनो, माझे वय विचारू नका, माझ्या मधल्या पायऱ्या बघा. पाय पडून पडून त्या खोलगट झाल्या आहेत. मी एका रंगाऱ्याची लाकडी शिडी आहे, बारा पायऱ्यांची. सुताराने मला घडवले तेव्हा तो प्रत्येक पायरीवर उडी मारून बघत होता. रंगारी त्याला शांतपणे म्हणाला, "अहो, चढायची आहे मला, मोडायची नाही."

पुढची एकोणीस वर्षे मी त्याच्या खांद्यावरून गावभर फिरले. शाळांची छते, दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या भिंती! तो अनवाणीच चढत असे, त्यामुळे त्याचे तळवे मला पाठ होते. खाली उभी राहून त्याची बायको रंग कालवून वर देत असे. दोघांचे काम इतके नेटके, की लोक मान वर करून बघत राहत.

खाण्याचा मात्र तो भलताच शौकीन. डब्यात मटण, नाहीतर कलेजी. सोबत गोड थंड पेयाची बाटली आणि संध्याकाळी बिअर. पाण्याला तो दिवसभर शिवत नसे. "पाणी प्यायलं की सारखं खाली उतरावं लागतं," असे त्याचे म्हणणे.

एका सकाळी तो लंगडत आला. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला. रात्री चादरीचा स्पर्शही सोसवला नव्हता म्हणे. पण वाचनालयाचे छत चार दिवसांत पूर्ण करायचे होते. तो चढला. आठव्या पायरीवर अंगठ्यावर भार पडला आणि त्याने पाय एकदम उचलला. रंगाची बादली खाली गेली. मी डाव्या अंगाला कलले.

बायकोने मला दोन्ही हातांनी धरले. "हलू नका," ती म्हणाली. "आधी डावा पाय खाली आणा. आता हात. मी धरलंय."

तो खाली आला आणि माझ्या पायथ्याशीच बसला.

त्याला पाऊल टेकवेना, म्हणून डॉक्टरीणबाई घरी आल्या. मी ओसरीवरच होते. रक्त तपासल्यावर त्यांनी निदान पक्के केले. "गाऊट आहे. रक्तात युरिक ॲसिड वाढलं, की त्याचे बारीक स्फटिक सांध्यात साचतात. गोळ्या वेळेवर घ्या. कलेजी बंद, बिअर बंद, ती गोड बाटलीही बंद. मटण कधीतरी आणि थोडं. पाणी भरपूर."

"मग मी खायचं काय?"

"उरलेलं सगळं."

आठ-दहा दिवसांत सूज उतरली आणि रंगाऱ्याच्या अंगात वीरश्री संचारली. त्याने जेवणच सोडले. दोन दिवस नुसत्या काळ्या चहावर काढले, वर गोळ्याही बंद केल्या. तिसऱ्या दिवशी अंगठा पुन्हा पेटला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. "उपाशी राहिलं तरी युरिक ॲसिड चढतं. आणि गोळ्या कुणाला विचारून सोडल्या?"



वाचनालयाचे छत दुसऱ्याच रंगाऱ्याने पुरे केले. ते त्याला फार लागले. माझी रवानगी परसात झाली. पावसाने माझे सांधे ढिले झाले. एके दिवशी तोच दुसरा रंगारी दारात येऊन विचारू लागला, "वहिनी, शिडी विकायची आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "चढणारा घरातच आहे."

त्या दुपारी ती त्याच्यासमोर ताट घेऊन बसली. भाजी, डाळ, एक उकडलेले अंडे, वाटीभर दही. "पांढऱ्या रंगात काळा किती घालायचा ते तुम्हाला कळतं ना? चमचाभर जास्त पडला की बादली वाया. मटणाचंही तसंच धरा. महिन्यातून दोनदा, दोन फोडी. मोजायला मी आहे."

"रस्सा?"

"रस्साही मोजणार."

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. आणि जेवला.

मग त्याने माझ्या सांध्यांत नव्या पाचरी ठोकल्या, मला तेल पाजले आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो. बायकोने नवा नियम काढला होता: पाण्याची रिकामी बाटली खाली आल्याशिवाय रंगाचा डबा वर जाणार नाही.

"दिवसातून पाच वेळा उतरावं लागतंय," तो कुरकुरला.

"उतरा की. उतरता येतंय, हे काय कमी आहे?"

सहा महिन्यांनी रक्तातल्या युरिक ॲसिडचा आकडा सहाच्या खाली आला. "छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गोळ्या मी सांगेपर्यंत चालूच." यावेळी त्याने मुकाट्याने मान डोलावली.

परवाच एका नव्या दुकानाच्या मालकाने कारागिरांना जेवण दिले. टेबलावर कलेजीची परात, शेजारी बिअर. मालक आग्रह करू लागला, "एक घोट घेतलात तर आभाळ कोसळणार आहे का?"

"आभाळ नाही, मीच कोसळेन," रंगारी म्हणाला, "आणि उद्या तुमचंच छत रंगवायचंय." मालक हसत सुटला. रंगाऱ्याने कोशिंबीर वाढून घेतली. बायकोकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. आता मोजायला तिची गरज उरली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा अंगठा असा सुजला, तर ते चेष्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला डॉक्टरांकडे न्या. मग त्याच्या ताटाशी रोज थोडा वेळ बसा. एकट्याने पथ्य जड जाते, सोबतीने ते अंगवळणी पडते. माणूस काय किंवा माझ्यासारखी शिडी काय, वेळेवर कुणीतरी लक्ष दिले की पुष्कळ वर्षे उभी राहतात.

आता निघते. सकाळ झाली आहे, खाली रंग कालवून तयार आहे, आणि पहिल्या पायरीवर उजवा पाय पडला आहे. पूर्ण भाराने.