घड्याळाखाली नाथा

त्या रविवारी दुपारी ललिताताईंच्या हॉलमध्ये इंग्लंड दाखवणार होते. गंगापूर रोडवरच्या त्या सोसायटीतल्या बायका चांगल्या साड्या नेसून आल्या होत्या. साहेब, म्हणजे ताईंचे यजमान, गुडघ्यावर बसून व्हिडिओ कॅमेऱ्याची पिवळी वायर टीव्हीच्या मागे खुपसत होते. ताई उन्हाळाभर लेकीकडे, ज्योत्स्नाकडे राहून आल्या होत्या, आणि पाहिलेलं दाखवल्याशिवाय त्यांना ते पाहिल्यासारखं वाटत नव्हतं.

दाराजवळ, चपलांच्या बाजूला, भागीबाई बसली होती. ती या घरी पोळ्या-भांडी करायची. पेठकडच्या डोंगरातली बाई. नवरा गेला तेव्हा पोराला कडेवर घेऊन नाशिकला उतरलेली. तो पोरगा नाथा. इथल्या एका हॉटेलात तंदूरपुढे मोठा झाला, आणि मालकाच्या नात्यातल्या कुणीतरी त्याला इंग्लंडला नेलं. ज्योत्स्ना राहायची त्या खेड्याला लागूनच्या शहरात तो रोट्या भाजत होता. एवढा मोठा मुलूख, आणि ही दोन पाखरं एकाच झाडावर कशी बसली, याचं भागीबाईला नवल सरत नव्हतं. गेल्यापासून तिने त्याला पाहिलं नव्हतं. फोटोसुद्धा नाही. दिवाळीला कोपऱ्यावरच्या बूथवर त्याचा फोन यायचा, तेवढाच.

ताई निघायच्या आधी तिने गोधडी शिवली. तळाला नवऱ्याचं धोतर, पोटात आपली विटलेली लुगडी, आणि वर, मधोमध, नाथाच्या शाळेच्या निळ्या सदऱ्याचा उसवलेला तुकडा. चौथा कोपरा बंद करण्याआधी तिने आत नागलीचे चार दाणे टाकले. तिच्या डोंगरात उपाशी गोधडी कुणाला देत नाहीत. सुई चालत होती तसं तोंडही चालत होतं:

टाक्याशी गं टाका, माझी सुई चाले वाट
दूरदेशी नाथाजीची, झाको थंडीपासून पाठ.

"ताई, येवढी पोचती करा," ती म्हणाली होती. "गोधडीबिगर त्याला झोप येत नाय."

ताई परत आल्या तेव्हा बॅगा उपसता उपसता म्हणाल्या, "भेटला गं तुझा नाथा. गोधडी डोळ्यांना लावली त्याने."

"लय बारीक झालाय का?"

"छान आहे. गोरा झालाय."

"चित्र काढलं का त्याचं?"

"नेमकी तेव्हाच बॅटरी संपली बघ."

तेवढ्यावर भागीबाईने सगळ्या चाळीत गूळ वाटला. आज ती आली होती ती नाथा दिसेल म्हणून नव्हे. तो ज्या रस्त्याने चालतो तो रस्ता तरी दिसेल, त्या गावचं ऊन कसं असतं ते तरी कळेल, म्हणून आली होती.

पडद्यावर हिरवंगार खेडं उजळलं.

"हे चर्च. आपल्या देवगिरीच्या यादवांच्या वेळचं," ताई सांगू लागल्या. "आणि ही आजूबाजूला सगळी थडगी. इतकी स्वच्छ, की जेवायला बसावं."

"बसलात का?" शेजारच्या मालनबाईंनी विचारलं. मालनबाई निवृत्त शिक्षिका होत्या, आणि ताईंच्या प्रवासाचा त्यांना जरा राग होता.

मग दगडी पूल आला, पाणचक्की आली. तिचं भलंमोठं जातं पाण्याच्या जोरावर गरगरताना पाहून भागीबाईला हसू फुटलं. "जातं हाय, पर बाई नाय," ती हळूच म्हणाली. "वव्या कोण म्हणतं मग?"

"मशीनला ओव्या लागत नाहीत गं," ताई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

पुढे गावाच्या मधोमध हिरवळीवर लाकडाचा एक खोडा दिसला. दोन फळ्या, फळ्यांना भोकं. ज्योत्स्नाची मुलं त्यात पाय अडकवून खिदळत होती.

"पूर्वी चुकलेल्या माणसाला यात बसवायचे," ताईंनी सांगितलं. "मग सगळा गाव जमायचा बघायला. सडकी भाजी मारायचा. आता जपून ठेवलंय."

"बाजूलाच आम्ही डबे उघडले," साहेब म्हणाले. "हे बघा."

हिरवळीवर काहीतरी अंथरलं होतं. त्यावर थर्मास, ठेपले, आणि ज्योत्स्नाचा पिवळट कुत्रा पाय पसरून लोळत होता. कुत्र्याच्या पोटाखालून निळा तुकडा डोकावत होता.

भागीबाई गुडघ्यांवर उठली. "ताई, ती माझी गोधडी हाय."

"तशा तिकडेही मिळतात."

"निळा सदरा नाथाचा हाय."

"अगं, बघू दे ना सगळ्यांना," ताई म्हणाल्या. आवाजात साखर होती, पण हात रिमोट शोधत सोफ्याच्या फटीत गेला होता.

पडद्यावर आता शहर आलं. किल्ल्याची तटबंदी, तोफा, बुरुज. कॅमेरा बुरुजावरून खालच्या बाजारपेठेवर फिरला, चौकातल्या जुन्या घड्याळापाशी थांबला आणि खाली सरकला. घड्याळाखाली एक माणूस उभा होता. मुंगीएवढा.

टीव्हीतून ज्योत्स्नाचा आवाज आला. "आई, तो बघ. आपण बोलावून तासभर झाला, अजून उभाच आहे."

"जवळ आण, जवळ आण," हा ताईंचा आवाज. "अगंबाई, इस्त्रीचा शर्ट घालून आलाय."

माणूस मोठा होत गेला. हातात लाल पिशवी. एका पायावर दुसरा पाय टेकवून उभा, डोंगरातली माणसं बांधावर उभी राहतात तसा. येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे मान वळवत होता.

"पिशवीत काय असेल गं?"

"आईसाठी असेल काहीतरी. तुलाच ओझं. आणि एकदा ओळख दिली, की दर रविवारी माझ्या दारात. शेजाऱ्यांना काय सांगू, आमच्या मोलकरणीचा मुलगा?"

"मग मागच्या दाराने उतरू. वाट बघून जाईल आपला." खुदखुदणं ऐकू आलं. मग साहेबांचा आवाज: "अरे, हा चालूच आहे की." चित्र कलंडलं, दगड दिसले, आणि पडदा काळा झाला.

मालनबाईंनी चिवड्याची बशी खाली ठेवली. सगळ्या बायका भागीबाईकडे पाहत होत्या.

"साहेब," भागीबाई म्हणाली, "मागं घ्या."

साहेबांनी ताईंकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि मागं घेतलं. पुन्हा घड्याळ, पुन्हा तो आवाज, इस्त्रीचा शर्ट, मोलकरणीचा मुलगा. भागीबाईच्या कानात त्यातलं काहीच जात नसावं. ती पडद्याजवळ सरकली होती आणि नाथाच्या गालावर बोट ठेवून बसली होती.

"बारीकच झालाय," ती म्हणाली. "गोरा कुठं झालाय?"

"झालं का?" ताई उठल्या. "आता चहा टाक सगळ्यांना. आणि उगाच मनाला लावून घेऊ नकोस, तिकडे वेळच नसतो कुणाला."

भागीबाईने चहा टाकला. आलं किसून घातलं. कप विसळून प्रत्येकीच्या हातात दिला. मालनबाईंनी कप घेताना तिच्या मनगटाला हात लावला, पण बोलल्या त्या साखरेबद्दल.

जाताना तिने विचारलं, "ताई, पुढल्या रविवारी परत दावाल का? तेवढंच, घड्याळापासचं?"

"ये की," ताई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी फाटक आतून बंद होतं. वॉचमन म्हणाला, "वरून निरोप हाय, थांबायला सांगितलंय." ती थांबली. ऊन डोक्यावर आलं. फाटकाच्या सावलीचा पट्टा सरकला तशी तीही सरकत गेली. बऱ्याच वेळाने वरून हाक आली.

ताई हसतमुख होत्या. "बैस. आज तुला गंमत दाखवते."

साहेब खिडकीबाहेर पाहत होते. पडदा उजळला. त्यात घड्याळ नव्हतं. गॅलरीतल्या कुंड्या होत्या, मग सोसायटीचं आवार, मग फाटक. फाटकापाशी एक बाई, एका पायावर दुसरा पाय टेकवून उभी. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मान वळवणारी. चित्र तिच्या जवळ जवळ गेलं.

"अजून उभीच आहे," टीव्हीतला ताईंचा आवाज म्हणाला.

"बघ," सोफ्यावरच्या ताई म्हणाल्या, "तुलाही टीव्हीवर आणलं. आता तक्रार नको."

भागीबाई पडद्यावरच्या आपल्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "साहेब, मागं घ्या. नाथा?"

"त्याच कॅसेटवर, त्याच्यावरूनच घेतलंय हे," साहेब खिडकीकडेच बघत म्हणाले. "वरून घेतलं की खालचं जातं, भागीबाई."

"जातं कसं? खाली ऱ्हातंच की."

आयुष्यभर तिने वरून कापड घातलं होतं. लुगड्यावर लुगडं, धोतरावर सदरा. वरचं कितीही नवं आलं तरी खालचं जुनं जागच्या जागी असतं. टाके उसवले की हाताला लागतं. "मला द्या ती," ती म्हणाली. "मी काढते खालचं."

ताईंना हसू आवरेना. त्यांनी कॅमेऱ्यातून ती काडेपेटीएवढी कॅसेट काढली आणि तिच्या ओच्यात टाकली. "घे. काढ."

चाळीच्या पायरीवर, उन्हात, भागीबाईने सुईने कॅसेटचं झाकण उचकटलं. आतून तपकिरी फीत निघाली. ती घडी घडीने ओढत गेली, मांडीवर, पायरीवर, मातीत. फीत किती तरी होती. प्रत्येक हातभर फीत तिने उन्हाकडे धरून पाहिली, मग नखाने हळूच वरचा पापुद्रा सोडवायला घेतला. तपकिरी भुकटी बोटाला लागली. त्याखाली पारदर्शक पट्टी उरली. पट्टीतून समोरची भिंत दिसत होती.

ती पुढची हातभर फीत घेऊन नखाने खरवडू लागली. तोंड आपोआप चालू झालं:

टाका उसविते बाई, नको तुटू रे तू धाग्या
खाली निजला गं माझा, नको होऊ देऊ जागा.