पट्टीवरचं इलास्टिक

आमचे हे शिंपी. काही उसवलेलं, सुटलेलं दिसलं की ह्यांचे हात शिवशिवतात.

ठिगळ्या म्हणजे आमचा कुत्रा. डोळ्याभोवतीच्या काळ्या डागामुळे हे नाव पडलं. त्याचा पुढचा पाय पत्र्याने चिरला, तेव्हा डॉक्टरबाईंनी टाके घालून पट्टी बांधली आणि बजावलं की बोटं हाताला गरम लागतात ना, तेवढं रोज बघा. पण ठिगळ्या कुणाचं ऐकतोय! दातांनी पट्टी ओढायची आणि जखम चाटत बसायचं, हा त्याचा उद्योग. शेवटी ह्यांनी एका जुन्या स्कर्टच्या कमरेचं इलास्टिक काढलं, पट्टीच्या वरच्या काठावर ताणून बसवलं आणि दुहेरी शिवण मारली. वर मलाच ऐकवलं, "माझ्या हातचं काही निसटत नाही."

निसटलं नाहीच. रात्रभर कुत्र्याने हूं की चूं केलं नाही. सकाळीही शहाण्यासारखा मशीनखाली पडून होता. हे खूश, मीही खूश. म्हटलं, चला, दुखायचं थांबलं एकदाचं.

पाणी ठेवायला वाकले आणि माझा हात त्याच्या पंज्याला लागला. पंजा टम्म सुजलेला आणि थंडगार. दुसरा चाचपून पाहिला, तो गरम होता. सुजलेलं बोट दाबलं, मग आणखी जोरात दाबलं. ठिगळ्याने माझ्याकडे बघून शेपूट हलवली.

ह्यांनी कात्री आणली खरी, पण जन्मभर कापड कापलेला माणूस ती पट्टीला लावेना. मीच ती ओढून घेतली आणि इलास्टिक कापलं. खाली कातडीत खोल चर पडला होता. ठिगळ्याला चादरीत गुंडाळून आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. बोटं जांभळी पडली होती. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. रक्त परत येतंय का बघू, म्हणाल्या. बोटांना काहीच कळत नसेल तर पाय काढावा लागेल. त्यांनी चिमट्याने बोट दाबलं. ठिगळ्या गप्प. दुसरं बोट दाबलं, तरी गप्पच. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"थोडं थांबू," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पंजा हातात धरून बसल्या.

मी त्याचं डोकं छातीशी धरलं होतं. ह्याच्यावर कुणी साधा दगड उगारला तरी मी गल्ली डोक्यावर घेते. आणि आता मनातल्या मनात विनवत होते, दुखू दे रे बाबा, एकदा तरी ओरड.

त्यांनी पुन्हा चिमटा लावला. ठिगळ्या केकाटला, गर्रकन वळला आणि माझा अंगठा कडकडून चावला.

"अहो," मला रडू आवरेना, "चावला मला."

हे भिंतीपासून वळले, जवळ आले आणि त्यांनी आपलाही हात त्याच्या तोंडापुढे धरला.