प्रोजेक्ट ऑफिसातला फिटर

"बसा की पोपटराव," गुप्तेसाहेबांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा पोपट खुर्चीच्या कडेवर टेकला. काठी कुठं ठेवावी ते त्याला कळेना. टेबलाला लावली तर ती घसरून आवाज करील, खाली ठेवली तर उचलायला वाकावं लागेल आणि वाकणं अजून जमत नव्हतं. शेवटी त्यानं ती मांडीवर आडवी घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

रोह्याजवळच्या धाटावच्या या केमिकल कंपनीत तो फिटर म्हणून लागला, तेव्हापासून साहेबांसमोर तो नेहमी उभाच राहिलेला. पाना हातात, बोटांना ग्रीस, काय बिघडलंय ते सांगायचं आणि पुन्हा शिडी चढायची. जुन्या प्लांटच्या पाइपांच्या मांडवावर तो घरच्या माळ्यावर फिरावं तसा फिरायचा. मग दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवलेल्या एका शटडाउनमध्ये शिडीची गंजलेली पायरी तुटली आणि तो खाली आला. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. ऑपरेशन झालं, पाय राहिला, पण थोडा आखूड झाला. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, शिडी चढायची नाही.

कंपनीनं त्याला टाकलं नाही, हे खरं. पण दोनच वाटा पुढं ठेवल्या. एक म्हणजे पैसे घेऊन घरी बसायचं आणि वडिलांच्या वाल-भाताच्या शेतात लक्ष घालायचं. दुसरी, गेटवर बसायचं. गेटवर बसायचं म्हणजे ज्यांच्याबरोबर अर्धं आयुष्य गेलं त्यांच्या डब्याच्या पिशव्या सुटीच्या वेळी तपासायच्या. त्या विचारानं त्याची झोप उडाली होती. तशात गुप्तेसाहेबांचं बोलावणं आलं.

कमळाकर गुप्ते हे मूळचे पेणचे. मृदू बोलणारे, निवृत्तीला टेकलेले. मागच्या मोकळ्या जागेत कंपनी नवा प्लांट उभा करत होती आणि त्याचं प्रोजेक्ट ऑफिस त्यांच्याकडे होतं. ऑफिस कसलं, पत्र्याची एक केबिन. आत तीन टेबलं आणि भिंतभर एक तक्ता.

साहेबांनी काम समजावून सांगितलं. पाया घालणारे वेगळे, पाइप जोडणारे वेगळे, वायरी ओढणारे वेगळे. जो तो आपलं आपलं काम करतो. पण कोण कुठवर आला, कुणाचं कुणावाचून अडलंय, हे रोज एका जागी दिसायला हवं. ते दाखवायचं, हेच या ऑफिसचं काम. रोज सकाळी साइटवर फिरून विचारायचं, काँप्युटरात नोंद करायची आणि तक्त्यावर रंग लावायचा. वेळेवर असेल तर हिरवा, मागं पडत असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल.

"साहेब, मला काँप्युटर येत नाय," पोपट म्हणाला. "इंग्रजीबी लिवता येत नाय धड."

"ते मी शिकवीन," गुप्तेसाहेब म्हणाले. "पण साइटवरची माणसं तुमच्याशी मोकळं बोलतात. ते मी कुणाला शिकवणार?"

पोपटनं त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन बायकोला, मालूला, हे जसंच्या तसं सांगितलं. मालू भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि पदराच्या टोकानं डोळे पुसले. धुरानं पाणी आलं, असं म्हणाली.

शिकणं सोपं नव्हतं. पान्यावर बसलेली बोटं कळफलकावर जड पडायची, एका दाबात दोन-दोन अक्षरं उमटायची. शेजारच्या टेबलावरची पोरंसोरं कॉलेजातून आलेली, त्यांच्यासमोर त्याला लाज वाटायची. साहेब चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ येऊन बसत आणि चुकलं की चुकलेलं स्वतःच्या हातानं पुसून पुन्हा करायला सांगत. कधी चढा आवाज नाही. हळूहळू त्याला पडद्यावरच्या ओळी कळायला लागल्या. एक काम दुसऱ्याला कसं बांधलेलं असतं, एक सरकलं की मागची सगळी कशी सरकतात, ते दिसायला लागलं. आयुष्यभर आपण एकेक बोल्ट आवळत होतो, अख्खा प्लांट आपल्याला आज पहिल्यांदा दिसतोय, असं त्याला वाटलं. त्यात त्याला फार आनंद होता.

रंगांचं मात्र त्याला जमेना. साइटवर सगळे ओळखीचे. कुणाच्या कामापुढं लाल लावायचा म्हणजे चारचौघांत त्याचं नाव घ्यायचं. मग तो हिरवाच लावायचा. दोन दिवसांत उरकतो म्हणाला ना, उरकेल. असं करता करता एकदा मोठी क्रेन टाकी उचलायला आली आणि टाकी ठेवायचा पाया ओलाच निघाला. क्रेन दिवसभर नुसती उभी राहिली. सोमवारच्या मीटिंगमध्ये वरचे साहेब भडकले. पायाच्या ओळीपुढं हिरवा कुणी लावला, असं त्यांनी विचारलं.

"माझ्या ऑफिसची चूक आहे," गुप्तेसाहेब म्हणाले. "मी बघायला हवं होतं." एवढंच. पोपटकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मीटिंग संपल्यावर पोपट त्यांच्या टेबलाशी गेला. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. "पोपटराव, लाल म्हणजे गुन्हा नव्हे," ते म्हणाले. "लाल म्हणजे इथं हात हवाय. तुम्ही हिरवा लावलात म्हणून त्या माणसाला मदत मिळाली नाही. एवढं लक्षात ठेवा." यापलीकडं त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

त्यानंतर पोपटनं खोटा हिरवा लावला नाही. आणि पावसाळा उतरणीला लागला असताना ती वेळ आली.

पाइपांचं काम एका ठेकेदाराकडं होतं आणि त्याचा फोरमन होता काळुराम. धरमतरच्या खाडीकाठचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. आठवडाभर धाटावला खोली घेऊन राहायचा, रविवारी मोटारसायकलवरून घरी. पोपटची आणि त्याची जोडी जुनी. किती शटडाउन दोघांनी एकाच डब्यात जेवून काढले होते. आणि पोपट पडला त्या दिवशी गाडीत त्याच्याबरोबर बसला तो काळुरामच. पनवेलच्या इस्पितळापर्यंत पोपटचा मोडलेला पाय त्यानं मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला. वडखळच्या खड्ड्यांत गाडी उसळली की तो स्वतः उचलला जायचा, पण पाय हलू द्यायचा नाही. डॉक्टर पुढं म्हणाले होते, वाटेत पाय हलला असता तर काही खरं नव्हतं.

गणपती तोंडावर आले होते. काळुरामचे वेल्डर चिपळूण-गुहागरकडचे. त्यातले बरेचसे सणाला म्हणून आधीच निघून गेले आणि थोडे हात उरले. मुख्य पाइपलाइनमध्ये पाणी भरून, दाब चढवून जोड तपासायचे होते. ती टेस्ट झाल्याशिवाय पुढं कुणाचंच काम हलणार नव्हतं. पोपट सकाळी साइटवर गेला तेव्हा काळुराम पाइपांच्या ढिगावर बसून विडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत होता.

"टेस्ट झाली काय रे?" पोपटनं विचारलं.

काळुरामनं इकडंतिकडं पाहिलं. जोडच पुरे झाले नव्हते. हे कळलं तर ठेकेदार त्याला काढून दुसरा फोरमन आणणार होता, तशी तंबीच होती.

"पोपट्या, या सोमवारपुरता हिरवा लाव," तो म्हणाला. "गनपती झाला की पोरं येतील. रात्रीचा दिवस करून भरून काढतो मी. कुनाला कळनार नाय."

त्यानं त्या पनवेलच्या दिवसाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर पोपटला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. तो नुसता पोपटकडं बघत राहिला, आणि पोपटला आपल्या आखूड पायाचा भार एकदम जाणवला.

"काळू, हिरवा लावला तर लायनीत पुढच्या हप्त्यात केमिकलचा माल सोडतील," तो म्हणाला. "मी लाल लावनार. पन मीटिंगमधी मी बोलीन. तुला मानसं पायजेत, हे मी सांगीन."

काळुराम उठला. विडी त्यानं खिशात ठेवली.

"साहेब झालास," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून गेला.

सोमवारी पोपटनं लाल लावला. मीटिंगमध्ये ठेकेदाराचा मॅनेजर काळुरामच्या नावानं बोलायला लागला तेव्हा पोपट उठून उभा राहिला. बसून बोलायची पद्धत होती, पण त्याला उभं राहिल्याशिवाय बोलता येईना. मीटिंगमध्ये तो आजवर विचारलं तरच बोलला होता. त्यानं सांगितलं, काम करणारा माणूस खोटा नाही, हात कमी पडलेत. अर्धे वेल्डर सणाला गेलेत, उरलेल्यांवर तो लाइन ओढतोय. दुसरीकडचे वेल्डर त्याला द्या आणि तारीख पुढं घ्या. बोलताना मराठी-इंग्रजीची खिचडी झाली, शेवटचं वाक्य तर अर्धंच राहिलं. गुप्तेसाहेबांनी ते पुरं केलं. वेल्डर मिळाले. तारीख पुढं गेली. पण ठेकेदारानं काळुरामच्या डोक्यावर एक तरुण सुपरवायझर आणून बसवलाच. काळुरामची नोकरी राहिली, मान गेला.

त्यानंतर काळुराम पोपटशी बोलेना. पोपट साइटवर आला की तो पाइपांच्या पलीकडं जायचा. काय झालं, कुठवर आलं, ते तो सुपरवायझर सांगायचा.

दरवर्षी गणपतीत पोपट आणि मालू काळुरामच्या घरी दर्शनाला जात. या वर्षी पोपट जायचं नाव काढीना. मालूनंच पिशवीत घरचे वाल भरले आणि दारात येऊन उभी राहिली.

"तो बोलला नाय तर?" पोपट म्हणाला.

"नाय बोलला तर नाय बोलला," मालू म्हणाली. "आपन देवाला जातोय. आन् त्याचा पाय धरायचा तो एकदा तुमी धराच. त्यानं तुमचा धरला व्हता."

रोह्याहून पेण, पेणहून दुसरी एस.टी., आणि मग खाडीच्या बांधावरून काठी टेकत चालत. काळुरामची बायको हौसा ओट्यावरच भेटली. "ये गो बाय," म्हणत तिनं मालूचा हात धरला आणि पोपटलाही आत बोलावलं. काळुराम आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला, गणपतीपुढची समई सारखी केली आणि पुन्हा आत गेला. पोपटनं नमस्कार केला. पेणजवळच्या जोहे गावात घडवलेली मूर्ती होती, नेहमीसारखीच, शांत डोळ्यांची.

जेवायला बसायची वेळ झाली तेव्हा पोपटला खाली बसता येईना, हे काळुरामनं पाहिलं. तो न बोलता उठला, शेजारून एक खुर्ची आणि एक स्टूल घेऊन आला आणि पोपटपुढं मांडलं. स्टुलावर ताट ठेवलं. मोदक वाढताना त्यानं तूप जरा जास्तच सोडलं. तेवढ्यात पोपट वाकून त्याच्या पायाला हात लावायला गेला. काळुरामनं त्याचा दंड धरून त्याला वरच्यावर थांबवलं.

"जेव," तो म्हणाला. त्या दिवशी तो एवढंच बोलला. परतताना एस.टी.त पोपट खिडकीकडं तोंड करून बसला होता.

सण संपला, वेल्डर परतले, पाण्याची टेस्ट झाली. एका जोडातून पाण्याचं कारंजं उडालं. पाणीच होतं ते, कुणाला काही झालं नाही. तो जोड कापून पुन्हा केला. त्या जागी आत माल असता तर काय झालं असतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. पोपटनं संध्याकाळी त्या ओळीपुढं हिरवा लावला आणि तक्त्यावरचा हात काढायला त्याला थोडा वेळ लागला.

दसऱ्याच्या आधी नवा प्लांट सुरू झाला. वरच्या मजल्यावर पूजा होती. लोखंडी जिन्याच्या कठड्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. साहेब लोक, ठेकेदार, कॉलेजातली पोरं, फिटर, वेल्डर, सगळे वर गेले. गुप्तेसाहेबांनी जाताना पोपटच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा तो नोकरीतला शेवटचा महिना होता. पुढच्या प्रोजेक्टच्या ऑफिसात पोपटचं नाव त्यांनी आधीच लिहून दिलं होतं, आणि हे पोपटला त्यांच्याकडून नव्हे, दुसऱ्याकडूनच कळलं होतं. त्याला त्यांचे आभार मानायचे होते. साहेब जिन्याची तिसरी-चौथी पायरी चढले तरी ते त्याच्या ओठांवरच राहिले. मग त्यानं खालूनच हात जोडले. साहेबांनी वळून पाहिलं आणि मान हलवली.

वर घंटा वाजायला लागली. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यांवरून डोळ्यांत येत होतं. पोपट जिन्याच्या पायथ्याशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. मान वर करून बघत होता. नवे पाइप, नवा रंग. एकही पायरी त्याच्या पायाखाली यायची नव्हती.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. काळुराम होता. हेल्मेट काखेत, कपाळावर त्याचा वळ.

"वर नाय गेलास?" पोपटनं विचारलं.

"एवढ्या उन्हाचं कोन चढतंय," काळुराम म्हणाला.

त्यानं हेल्मेट जमिनीवर ठेवलं. मग दोघंही हात जोडून, वर बघत, आरती संपेपर्यंत तिथंच उभे राहिले.