कारकुनाचं सोंग

कर्नाळ्याच्या पायथ्याशी कातकरवाडी होती. तिथली जनी मोळी घेऊन पनवेलच्या बाजाराला यायची. शाळेतल्या सिप्पोराबाईंच्या घरी तिची मोळी ठरलेली. छप्पन सालच्या गणपतीत बाई म्हणाल्या, "जने, आज संध्याकाळी थांब. तुमच्या लोकांवर नाटक आहे. चल माझ्याबरोबर."

जनी हौसेनं गेली. पडदा वर गेला आणि तोंडाला काजळी फासलेला, डोक्यात कोंबड्याची पिसं खोवलेला, गळ्यात हाडकांची माळ घातलेला एकजण लंगडत आला. असली पिसं तिनं वाडीत कुणाच्या डोक्यात पाहिली नव्हती. पण ते लंगडणं तिनं ओळखलं. गुडघ्यावर हात टेकून डावा पाय ओढत तिचा नवरा वाळकू तसा चालायचा.

काजळीखालचा माणूसही तिनं ओळखला. मामलेदार कचेरीतला कारकून कमळाकर. मागं एका उन्हाळ्यात तो वाडीवर यायचा. "तुमचं जगणं बघायचंय," म्हणत वाळकूच्या शेजारी बसून भाकरी खायचा. वाळकूनं विश्वासानं त्याला सगळं सांगितलं होतं. लाकडं चोरल्याचा खोटा आळ घेऊन ठेकेदाराच्या माणसांनी त्याला कसं झोडपलं, पाय कसा मोडला. सांगताना वाळकू रडला होता. त्याच पावसाळ्यात वाळकू वारला.

नाटकात त्याच माराचा प्रवेश होता. कोंबडीचोर कातकरी फटके खाऊन उड्या मारत होता, थेट वाळकूच्या आवाजात "मेलो गं आये" ओरडत होता आणि मांडव हसून लोळत होता. सिप्पोराबाईही हसत होत्या. मग त्यांचं जनीकडे लक्ष गेलं.

"जने, चल, उठू या."

"नको बाय. सगलं बगू दे मला."

दुसऱ्या दिवसापासून जनी कचेरीसमोर मोळी टाकून बसू लागली. गिऱ्हाईक आलं तरी तिची नजर कमळाकरवरच. साहेब दिसले की तो अंग चोरून उभा राहायचा. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत "होय साहेब" म्हणून हसायचा, आपल्या रुमालानं त्यांची खुर्ची पुसायचा. साहेबांची पाठ वळली की दारातल्या खेडुतावर खेकसायचा.

बाजाराच्या दिवशी जनीनं तोंडाला तांदळाचं पीठ फासलं आणि एस.टी. स्टँडसमोर उभी राहिली. खांदे आत घेतले, मान वाकडी केली, रिकाम्या खोक्यावरची धूळ पदरानं पुसली. "होय साहेब! हॅ हॅ, बरोबर साहेब!"

"अरे, हा तर कचेरीतला कमळाकर!" भाजीवाला ओरडला. बघता बघता गर्दी जमली. पुढच्या बाजाराला लोक तिची वाट बघत उभे होते. मामलेदारसाहेबही जाता जाता थांबले आणि पोट धरून हसले.

मग कमळाकर रस्त्यानं निघाला की मागून कुणीतरी "होय साहेब" म्हणायचं. नवरात्रात नाटक पुन्हा लागलं. तो लंगडत रंगमंचावर आला आणि सगळा मांडव एका सुरात ओरडला, "होय साहेब!" त्याला पुढचं वाक्य सुचेना. पडदा पाडावा लागला.

तो जनीकडे आला, हात जोडून. "माझं चुकलं. तो प्रवेश काढून टाकतो. तूही आता बंद कर. घरात बायकोसुद्धा तोंड लपवून हसते."

"माजा नवरा तुज्यासमोर रडला होता," जनी म्हणाली. "तू तवा त्याचं रडनं पाठ करत होतास. तू कायबी काढ. मी नाय काढनार."

दिवाळीनंतर त्यानं अर्ज करून अलिबागला बदली मागून घेतली. ही बातमी सिप्पोराबाईंनीच जनीला दिली. "जाऊ दे आता, जने. गेला बिचारा. झालं तेवढं पुरे."

जनीनं मोळी उतरवली, पदरानं कपाळ पुसलं.

"अलिबागच्या बाजारात माजी ननंद लाकडं इकते, बाय," ती म्हणाली. "मागल्या म्हैन्यात आलती वाडीवर, माजं सोंग बगून तिलाबी हौस आली. तिला समदं शिकवून पाठवलंय."