हुप्प्याची सोयरीक

“मग आपण इथे लग्नाचं बोलायला बसलोय, तेही माकडंच का रे?” कमलाकररावांनी मुलाला विचारलं आणि स्वतःच हसले.

मुलीचा बाप गोरख बशी हातात धरून ऐकत होता. रोडपालीच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आल्यापासून तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता, कधीही उठून जाता यावं असा. देण्याघेण्याचा विषय निघाला असता तर त्याने कसंबसं निभावलं असतं. पण नशीब असं की विषय निघाला माकडांचा.

सुरुवात कमलाकररावांच्या नातीने, सईने केली. माणूस हा एपच असतो, असं तिला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. एप म्हणजे माकडांचे बिनशेपटीचे भाऊबंद, असं तिच्या काकाने, म्हणजे नवरदेव स्वानंदने, तिला समजावलं.

“आपण सगळे एपच आहोत, बाबा. कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही,” तो म्हणाला.

कमलाकरराव हट्टाला पेटले. पूजा कोण करतं, लाज कोणाला वाटते, दिलेला शब्द कोण पाळतं? माणूस तो माणूसच, असं ठासून सांगून त्यांनी गोरखचं मत विचारलं.

“आमाला काय कलतंय त्यातलं,” गोरख म्हणाला आणि त्याने लेकीकडे पाहिलं. सोनम मान खाली घालून नखं बघत होती.

तळोज्याची कंपनी बंद पडल्यापासून गोरख करंजाड्याच्या सोसायट्यांतून माकडं हाकलत होता. लाल तोंडाची माकडं काळ्या तोंडाच्या वानराला टरकतात. पण वानर पाळायला कायद्याने बंदी, म्हणून सोसायट्यांनी वानराचा आवाज काढणारा माणूस पाळला. पोरंटोरं त्याला हुप्प्या म्हणत, त्याचं गोरखला काही वाटत नसे. सोनमबरोबर लॅबमध्ये काम करणाऱ्या स्वानंदला हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. घरी आत्ताच नको, लग्न ठरलं की मीच सांगतो, हे म्हणणंही त्याचंच. म्हणून आजच्या दिवसापुरता गोरख सोसायटीचा सुपरवायझर झाला होता, आणि ते खोटं त्याला नव्या शर्टाच्या कॉलरसारखं टोचत होतं.

तेवढ्यात सई किंचाळली. ती केळं खात बाल्कनीत गेली होती आणि कठड्यावर एक दांडगं माकड येऊन बसलं होतं. भीतीने तिला केळं टाकून द्यायचंही सुचेना. स्वानंद केरसुणी घेऊन धावला, तसं ते दात विचकून पोरीच्या आणखी जवळ सरकलं.

गोरखने सोनमकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले.

मग त्याने बशी खाली ठेवली. बाल्कनीच्या दारात तो उकिडवा बसला, दोन्ही हात फरशीला टेकले, मान पुढे काढली आणि पोटाच्या तळातून हूप काढला. पाठोपाठ दुसरा. मग कराकरा दात वाजवले. माकडाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पाइपवरून सुसाट खाली गेलं.

कमलाकररावांनी सईला पोटाशी धरलं.

“हे तुम्ही कुठे शिकलात?” त्यांनी गोरखला विचारलं.

“पप्पांचं कामच हाय ते,” सोनम म्हणाली. “आमचं घर त्याच्यावरच चालतं. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो.”

कमलाकरराव मुलाकडे वळले. “तुला माहीत होतं?”

स्वानंदने केरसुणी कोपऱ्यात नीट उभी केली.

“नाही, बाबा. मला हिने कधीच सांगितलं नाही.”

सोनम त्याच्याकडे पाहत राहिली. कमलाकरराव आणखी काही विचारतील म्हणून ती थोडी थांबली, मग त्यांना वाकून नमस्कार केला आणि दाराशी जाऊन चपला घालू लागली.

गोरख अजून फरशीवरच होता. आपण पोरीच्या सुखात माती कालवली, एवढंच त्याला कळत होतं. पोरगा घाबरून बोलला असेल, सांभाळून घे त्याला, असं तिला सांगावंसं त्याला फार वाटलं. पण हूप काढून गळा पार बसला होता. त्याने दोनदा तोंड उघडलं, नुसता वारा आला. कमलाकररावांनी पुढे केलेला हात धरून तो उठला, शर्ट खाली ओढला आणि लेकीच्या मागे जिना उतरू लागला.