मागच्या सीटचा फोम

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. "बाळ सहा महिन्यांचं झालं की येईन," असं जाताना म्हणाली होती. सहा महिने परवा पूर्ण झाले. मी तिची वाट बघत होतो. फोनवर विचारलं की ती नुसतं "बघू" म्हणायची.

जायच्या आधी ती माझ्या मोटारसायकलच्या सीटवर भयंकर चिडलेली होती. "कंबरेचा पार खुळखुळा होतो. आता मेले तरी मागे बसणार नाही." म्हणून ठरवलं, ती यायच्या आत सीट नवी करायची, तीही घरीच. सीटवाल्याने तासाभरात करून दिली असती, पण मग उरलेल्या दिवसाचं मी काय करणार होतो?

सीट काढून सरळ जेवणाच्या टेबलावर घेतली. ती असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. स्क्रूड्रायव्हरने एकेक पिन उपटली, फाटकं रेक्झिन सोललं. पुढचा फोम चपटा झाला होता, पण चालण्यासारखा होता. मागे ती एका अंगाने बसायची, तिथे मात्र नुसता भुगा. बाजारातून आणलेला नवा फोम पाटासारखा कडक निघाला. तो घातला असता तर पुन्हा तेच रडगाणं. घरात जाड आणि मऊ फोम एकाच ठिकाणी होता, तिच्या गादीत.

पायाकडून हातभर तुकडा कापला. तिची उंची बेताची, तिचे पाय काही तिथवर पोचत नाहीत. तुकडा चिकटवला, कडा तासल्या, वर प्लॅस्टिक घातलं. नवं रेक्झिन उन्हात तापवून मऊ केलं आणि गुडघ्याने दाबून, दातओठ खाऊन ताणत पिना मारल्या. एका कोपऱ्यात चुणी राहिलीच. मग सीट गाडीवर चढवून मागच्या बाजूला स्वतः बसून पाहिलं. किती दिवसांनी मला बरं वाटलं.

लगेच फोन लावला.

"अगं, सीट केली. तुझी बाजू एकदम मऊ झालीय."

"घरी केलीत? फोम कुठला घातलात?"

"तुझ्या गादीतला कापला."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत राहिलो. खरं सांगतो, तिने ओरडायला हवं होतं मला.

"बरं केलंत," ती म्हणाली. आवाज एकदम मोकळा झाला होता. "दोन दिवस जीव टांगणीला लागला होता, तुम्हाला कसं सांगू म्हणून. हिची नोकरी सुरू होतेय, बाळाला कोण बघणार? मी आता इथेच राहीन म्हणते. वाटलं, तुम्ही तिकडे वाट बघत बसला असाल. तुम्ही तर माझी गादीसुद्धा मोडीत काढलीत."

फक्त पायाकडचा तुकडा कापलाय, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"हो ना," म्हणालो. "उगाच जागा अडवून बसली होती."