हलके काम

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मोटारींच्या वायरिंगच्या जुड्या बांधल्या जात, आणि बांधणाऱ्या बायका पाळीभर उभ्याच असत. नवा सुपरवायझर सुश्रुत स्वभावाने भिडस्त. शब्द तोंडात इतका वेळ घोळवी, की बोलायची वेळच टळून जाई. त्या बायकांतली कैनात टेबलाच्या कडेला कंबर टेकवून क्षणभर डोळे मिटते, हे तो रोज पाहत होता. तिचा अॅप्रन आता पुढून उचललेला दिसे. पण तिने आपणहून काही सांगितले नव्हते, आणि अशी गोष्ट विचारावी कशी?

अखेर न विचारताच त्याने तिचे भले करायचे ठरवले.

"कैनातताई, उद्यापासून पॅकिंगला बसा. काम हलकं आहे."

ती हसेल, असे त्याला वाटले होते. तिच्या हातातली वायर गळून पडली. "माझं काही चुकलं का, सर?" एवढेच म्हणून ती पाण्याच्या टाकीकडे निघून गेली.

शेजारच्या टेबलावरच्या आक्काबाई म्हणाल्या, "काय केलंत सायेब हे!"

"अहो, तिच्या भल्यासाठीच..."

"ह्याच टेबलावरच्या मेहताबचंबी पोटुशी असताना असंच भलं झाल्तं. आदी पॅकिंग, मंग घरी आराम, मंग तिच्या खुंटीला दुसरीचा अॅप्रन. लेकरू चालाया लागलं, पर तिला बोलावनं न्हाई. तुमी नवे, तुमाला काय ठावं!"

आधारासाठी पुढे केलेला हात कैनातला दार दाखवणारा भासला होता. सुश्रुत टाकीपाशी गेला आणि अंतर राखून उभा राहिला.

"चुकलं माझं, ताई. आधी विचारायला हवं होतं. तुम्हाला काय हवंय?"

"माझी जागा, सर." मग डोळे पुसत, हळूच, "आणि बसायला काहीतरी."

त्याने स्वतःची खुर्ची आणून दिली. टेबल उंच, खुर्ची बुटकी. कैनातची हनुवटी तेवढी वर आली. "आता शिडीबी द्या, सायेब!" आक्काबाई ओरडल्या, आणि कैनातही हसली. वर्कशॉपमधल्या परवेझने संध्याकाळपर्यंत खुर्चीला लोखंडी पाय जोडून दिले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी हटकले. "आज एक बसली, उद्या सगळ्या खुर्च्या मागतील."

"मागू द्या, सर." शब्द या वेळी तोंडात अडले नाहीत. "आणि बाळंतपणाच्या रजेनंतर ती याच टेबलावर येणार. कायदा आहे."

"कायदा मलाही ठाऊक आहे."

"मग तिलाही कळू द्या ना."

मॅनेजर उठले, आणि टेबलापाशी जाऊन सगळ्यांदेखत तिला तसे सांगून आले.

रजेवर जाताना कैनातने अॅप्रन घडी करून आणला. "जमा करू ना, सर?"

"खुंटीलाच राहू द्या." बदली मुलीसाठी त्याने भिंतीत वेगळी खुंटी ठोकून घेतली होती.

"खुर्ची मी राखते," उंच खुर्चीवर चढत आक्काबाई म्हणाल्या. "पर लवकर ये बाई, हितनं खाली बघितलं की चक्कर येती."

कैनातने अॅप्रन टांगला. मग खुंटी पक्की आहे ना, हे एकदा ओढून पाहिले.